संपत्ती कर म्हणे चालत नाही

परवा हापिसात चहाच्या वेळी संपत्ती करावरून जुंपली. विषय निघायचा अवकाश, एक मित्र ठरलेलं वाक्य घेऊन आलाच. "अरे, होता की आपल्याकडे तो कर! काही जमत नव्हतं, म्हणून तर काढला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण पंधरा वर्षं दुसऱ्यांचा कोड वाचून एक वाईट खोड लागलीय. कोणी 'चालत नाही' म्हटलं, की आधी तो लिहिलाय कसा ते बघायचं.

तर मंडळी, बघू या. निकोलस कॅल्डॉर या अर्थतज्ज्ञाच्या शिफारशीवरून १९५७ साली हा कर आला. १९९२ च्या बजेटात त्यातून शेअर, म्युच्युअल फंड, बँकेतल्या ठेवी बाहेर काढल्या. ही म्हणे 'उत्पादक' संपत्ती. मग उरलं काय? दागिने, गाड्या, शहरातली मोकळी जमीन, कुलूप लावून ठेवलेला दुसरा फ्लॅट, बोट, विमान, घरातली रोकड. म्हणजे हजार कोटींचे शेअर असणारा साफ मोकळा, आणि आजीच्या पाटल्या नि जादाचा फ्लॅट मिळून तीस लाखांच्या वर गेलेला माणूस वरच्या रकमेवर एक टक्का भरणार.

अशा चाळणीत पाणी किती राहणार? २०१३-१४ साली अख्ख्या देशातून १००८ कोटी. २०१५ मध्ये अरुण जेटलींनी बजेटच्या भाषणात हाच आकडा सांगून कर रद्द केला आणि त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. उत्पन्नावर! ज्याचे शेअर बसल्या जागी फुगताहेत आणि जो ते विकतच नाही, तो पुन्हा सुटला. मृत्यूनंतरचा वारसा कर तर १९८५ मध्येच गेलेला.

आणि संपत्तीवर कर लावला की देश बुडतो म्हणणाऱ्यांनी आपल्या पालिकेचं बिल काढून बघावं. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर घराच्या भांडवली मूल्यावर लागतो. उत्पन्न असो-नसो, लोनचे अठरा हप्ते बाकी असोत की दोनशे, पालिका विचारत नाही. हा संपत्ती करच आहे की राव! तो भरायला लागतो म्हणून कोणी दुबईला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

"पण श्रीमंत पळून जातात त्याचं काय?" जातात, खरंय. नॉर्वेने २०२२ मध्ये दर वाढवला आणि शेल इंगे रोके हा अब्जाधीश त्याच साली देश सोडून गेला. गेला कुठे? स्वित्झर्लंडला. तिथे प्रत्येक कँटनमध्ये संपत्ती कर आहे! दर कमी आहेत आणि खाजगी शेअरच्या नफ्यावर सहसा कर नाही, हेही मान्य. पण मग भांडण दराचं झालं, कराचं नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खरंच अडतो. स्टार्टअपवाल्याकडे कागदावर शंभर कोटी आणि खात्यात दोन लाख. तो रोख आणणार कुठून? तर अशांची बाकी व्याजासकट शेअर विकेपर्यंत मांडून ठेवा. मर्यादा तीस लाख नको, शंभर कोटी ठेवा. पण शेअर आत घ्या. ते वगळून पुन्हा पाटल्या मोजत बसणार असाल, तर मीच पहिला विरोध करीन.