रस्त्याचे ९५ टक्के

पावसाळा सरता सरता इतवारीत दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : डांबर कोणी खाल्ले? शहीद चौकाच्या आसपास हातठेल्याचे रुतलेले चाक खड्ड्यातून उपसणारा हमाल, पेढीच्या पायरीवरचा व्यापारी आणि निवेदन घेऊन निघालेला आपला कार्यकर्ता, या तिघांचेही बोट डांबराकडेच असते. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आणि समाजवाद्यांनीही तो तसाच अपुरा विचारावा, हे खेदजनक आहे.

वस्तुस्थिती अशी की, डांबरी थरात वजनाने ९५ टक्क्यांच्या आसपास दगड असतो : गिट्टी, चुरी आणि भुकटी. डांबर उरलेले ५ टक्के. भार वाहते ती गिट्टी. डांबर तिला धरून ठेवते आणि पाणी अडवते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॅडमने फोडलेल्या, कोनदार दगडांचे जे रस्ते बांधले, त्यांत डांबर नव्हतेच. दगडात दगड अडकून ते उभे राहिले. गिट्टी चपटी किंवा लांबट असेल, तर ती चाकाखाली मोडते. धुळीने माखलेली असेल, तर डांबर दगडाला न चिकटता धुळीला चिकटते, आणि पाणी मध्ये शिरून दोघांची फारकत करते. मग खड्डा पडतो आणि आपण डांबराच्या नावाने बोंब मारतो. गिट्टी कोणत्या खाणीची, ती धुतली होती काय, आघाताच्या चाचणीत तिचा किती चुरा झाला, हे कोणी विचारत नाही.

का विचारत नाही? कारण बाजारी हिशेबात वस्तूचे महत्त्व तिच्या किमतीवरून ठरते. डांबर महाग, म्हणून चोरी डांबराची मानली जाते. गिट्टी स्वस्त, म्हणून ती नगण्य. पण गिट्टी स्वस्त का, हा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. तिच्या किमतीत डोंगराचे मोल जवळजवळ नसते, आणि फोडणाऱ्याच्या आयुष्याचे तर मुळीच नसते.

दगड जड, त्याची वाहतूक परवडत नाही. म्हणून प्रत्येक शहर आपल्याच भोवतीच्या टेकड्या खाते. आपल्या नागपुरातील एका वस्तीचे नावच गिट्टीखदान आहे. शहराच्या पश्चिमेस काळा बेसाल्ट, पूर्वेस ग्नाइस. ग्नाइससारख्या दगडात स्फटिकरूप सिलिका भरपूर असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. या आजाराचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात कोठे मांडलेला असतो? तो मजुराच्या घरात मांडला जातो.

कायद्यानेही हात आखडताच घेतला. १९५२ च्या खाण कायद्याने रस्त्याच्या दगडाच्या लहान उघड्या खाणींना, खोली सहा मीटरपर्यंत, मजूर पन्नासपर्यंत आणि स्फोटकांचा वापर नसेल तर, बहुतेक तरतुदींतून सूट दिली होती. म्हणजे जो केवळ घणाने दगड फोडत होता, तोच संरक्षणाबाहेर राहिला! फरीदाबादच्या दगडखाणींतील वेठबिगारीवर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा होऊन सात वर्षे लोटली होती. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारा वडार समाज विमुक्त म्हणवला गेला; दारिद्र्यातून मात्र तो मुक्त झाला नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात तर लाखो शेतकरी स्त्री-पुरुषांनी खडी फोडूनच दिवस काढले. १९४३ च्या 'नागपूर योजने'ची कीर्ती सांगताना आपण रस्त्यांचे मैल मोजतो. हे हात कोणी मोजत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. एक, नागपुरात आता सिमेंटचे रस्ते झाले, मग डांबराची चर्चा कशाला? परंतु काँक्रीटचाही बहुतांश भाग गिट्टी आणि वाळूच असतो. चिकटवणारा द्रव्यपदार्थ बदलला, दगड फोडणारा बदलला नाही. दुसरा आक्षेप असा की, मजुरी आणि सुरक्षा वाढवली तर रस्ता महागेल आणि त्याचा बोजा गरिबांवर पडेल. हा युक्तिवाद फसवा आहे. दर पावसाळ्यात उखडणारा रस्ता स्वस्त कसा? त्याची किंमत पुन्हापुन्हा भरणारा करदाता आणि कंबर मोडून घेणारा हमाल यांनाच ते विचारावे.

म्हणून पक्षाने तीन मागण्या हाती घ्याव्यात. प्रत्येक कामाच्या फलकावर गिट्टीच्या खाणीचे नाव आणि चाचण्यांचे निकाल मराठीत लावावेत. खाण व क्रशरवरील धूळनियंत्रण आणि मजुरांची नियमित छातीतपासणी यांचा खर्च अंदाजपत्रकातच स्वतंत्रपणे धरावा. आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी जशी मंडळे उभी केली, तसे मंडळ गिट्टी फोडणाऱ्यांसाठीही उभे राहावे. इतवारीच्या हमालाने ही तिसरी मागणी आपली मानली पाहिजे. ज्या दगडावरून त्याचा ठेला जातो, तो त्याच्याच वर्गाच्या माणसाने फोडलेला आहे.