प्रोसेसर म्हातारा झालेला नाही

‘कॉम्प्युटर जुना झाला की स्लो होतो’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की तो निसर्गनियमच वाटायला लागलाय. माणसाचे गुडघे झिजतात, स्कूटरची क्लच प्लेट झिजते, तसा प्रोसेसरही झिजत असणार! मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे ठामपणे सांगतो: तसा झिजत नाही. धूळ बसून तापला तर तो स्वतःचा वेग कमी करतो, पण ब्रश मारा, पेस्ट बदला, की गडी पूर्ववत. २०११ साली तो सेकंदाला जेवढ्या बेरजा-वजाबाक्या करायचा तेवढ्याच आजही करतो. बदललंय ते त्याच्या डोक्यावरचं ओझं. आणि ते ओझं आमच्या जमातीनं लादलंय.

हवेत बोलायला नको, दोन चिप शेजारी ठेवू. पहिली इंटेलची कोअर आय-५ २५००, जानेवारी २०११ची. चार कोअर, ६ एमबी कॅशे, ३.३ गिगाहर्ट्झ वेग, जोर लावला तर ३.७. दुसरी इंटेलचीच एन-१००, २०२३ची. चार कोअर, ६ एमबी कॅशे, कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ. आकडे वाचून जुळी भावंडं वाटतील. नेहमीच्या बेंचमार्कमध्येही दोघी साधारण एकाच पंक्तीत बसतात, एन-१०० जरा पुढे.

मग बारा वर्षांत झालं काय? झालं ते वॅटमध्ये. आय-५ २५००चा कागदावरचा आकडा आहे ९५ वॅट आणि एन-१००चा ६ वॅट. हे मीटरचं रीडिंग नाही. कूलरनं किती उष्णता बाहेर काढायची याचा तो हिशेब असतो, आणि एन-१०० प्रत्यक्षात बरेचदा ६ वॅटच्या वर जाते. तरीही फरक प्रचंड आहे. जुनीला तळहाताएवढा पंखा लागतो, नवी कित्येक डब्यांमध्ये बिनपंख्याची चालते. हे खरं इंजिनिअरिंग आहे आणि त्याला माझा दंडवत.

नवीचा आणखी एक मोठेपणा मान्य करायला हवा. हल्लीचे ऑनलाइन व्हिडिओ व्हीपी९ आणि एव्ही१ या फॉरमॅटमध्ये येतात. ते उलगडण्यासाठी नव्या चिपमध्ये वेगळं सर्किटच कोरलेलं असतं. जुनीला तेच काम चारही कोअर राबवून करावं लागतं. म्हणून जुन्या मशीनवर हाय रेझोल्यूशन व्हिडिओ लावला की पंखा घोंघावतो. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग, मोठा कोड कंपाइल करणं यासाठी मीही नवंच मशीन वापरतो आणि जुन्यावर परत जाणार नाही.

पण आता गंमत बघा. एन-१०० घातलेला डबा आज विंडोज ११सकट विकला जातो. तेवढ्याच ताकदीची आय-५ २५०० मात्र विंडोज ११ला चालत नाही. मायक्रोसॉफ्टनं स्वतः मागितलेला किमान वेग आहे १ गिगाहर्ट्झ आणि दोन कोअर! त्या हिशेबानं जुनी चिप तिप्पट वेगाने पास आहे. अडतं ते टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा-चिपपाशी आणि मान्यताप्राप्त प्रोसेसरांच्या यादीपाशी. इंटेलमध्ये ती यादी, किरकोळ अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. आय-५ २५०० दुसऱ्या पिढीची. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला.

सुरक्षेचं कारण खोटं नाही. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर उघडकीला आले तेव्हा प्रोसेसरच्या रचनेतच भोकं असू शकतात हे सगळ्यांना कळलं. पण मग कारण सुरक्षेचं आहे असं स्वच्छ सांगा. दुकानात गिऱ्हाइकाला सांगितलं जातं ते वेगळंच: ‘तुमचा प्रोसेसर गेला.’

माझ्या मामाचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्याच्याकडे हाच प्रोसेसर. त्याला नेमकं हेच सांगून ३५ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं होतं. प्रत्यक्षात संथ होती ती फिरती हार्ड डिस्क. तिला एखादी फाइल शोधून डोकं तिथवर न्यायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभरावा हिस्सा. आम्ही एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली, वर लिनक्स चढवलं. देवनागरी टायपिंग चालतं, प्रिंटर चालतो, सुरक्षेचे अपडेट येतात. आता मामाची तक्रार एकच आहे, काही सरकारी पोर्टल उघडायला वेळ लागतो. पण ते माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही लागतो, मामा.

‘पण वीज?’ असं कोणी विचारेल. विचारावंच. दोन्ही मशीनमध्ये ५० वॅटचा फरक धरू. दुकान रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस. झाले १५० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १५०० रुपये. ३५ हजार वसूल व्हायला तेवीस वर्षं! मशीन चोवीस तास, वर्षभर चालू ठेवायचं असेल तर गणित बदलतं, मग छोटा नवा डबा खुशाल घ्या. पण गणित करून घ्या, घाबरून नको.

आता मूळ दुखणं. विंडोज एक्सपीला २००१ साली किमान ६४ एमबी रॅम लागायची. विंडोज ११ला ४ जीबी लागते, म्हणजे ६४ पट. तुमचं अर्ज लिहिणं, हिशेब ठेवणं, मेल पाठवणं ६४ पट अवघड झालंय का? पास्कल भाषेचा जनक निकलाउस विर्थ यानं १९९५मध्येच बजावलं होतं की हार्डवेअर जितक्या झपाट्यानं वेगवान होतंय त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर मंदावतंय. तेव्हा इलेक्ट्रॉन जन्मालाही आलं नव्हतं. आज एकेक चॅटचं अ‍ॅप स्वतःच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन फिरतं. तीन अ‍ॅप उघडा, तीन ब्राउझर चालू.

यात कोणाचा कट वगैरे नाही. सोय आहे. एकदा लिहून विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालवता येतं, त्यामुळे आमचे तास वाचतात. ते वाचवलेले तास तुमच्या रॅममधून, बॅटरीतून आणि खिशातून वसूल होतात. आमच्या टेबलावर सर्वांत नवं मशीन असतं, त्यावर पान झटकन उघडतं, टेस्ट पास होते. मामाच्या दुकानातलं मशीन त्या टेस्टमध्ये नसतंच. त्याच्यासमोर शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी उभी असलेली पोरंही नसतात.

माझ्या व्यवसायबंधूंना म्हणून एकच सांगणं आहे. टीममध्ये एक जुनं मशीन ठेवा, आणि त्यावर पान तीन सेकंदांत उघडलं नाही तर तो बग समजा. क्रॅशइतकाच गंभीर.

आणि तुम्ही, जे बहुधा फोनवर हे वाचताय: फोनलाही हाच न्याय लागू आहे. पुढच्या वेळी कोणी ‘हे आता जुनं झालं’ म्हणालं की विचारा, नेमकं काय जुनं झालं? डिस्क, रॅम, बॅटरी, की फक्त अपडेटची तारीख? ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून नवं मशीन विकत घेऊ नका.