दीपनगरच्या दिव्याखालचा अंधार

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत भरलेल्या जी-२० परिषदेत आफ्रिकी संघाला त्या गटाचे कायम सदस्यत्व देण्यात आले. यजमान भारत सरकारने या घटनेचा मोठा गाजावाजा केला आणि जगातील गरीब राष्ट्रांचा आवाज म्हणून स्वतःची द्वाही फिरवली. त्याच्या तीनच दिवस आधी नैरोबी येथे आफ्रिकी राष्ट्रांची पहिली हवामान परिषद संपली होती. पृथ्वी तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात आफ्रिका खंडाचा वाटा जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु दुष्काळ, पूर आणि उपासमार यांचा पहिला तडाखा तिलाच बसतो. म्हणून ज्यांनी दोन शतके कोळसा आणि तेल जाळून संपत्ती उभी केली, त्यांनी त्याची किंमत चुकवावी, कार्बनवर जागतिक कर बसवावा, अशी मागणी नैरोबीच्या जाहीरनाम्याने केली. भारताची भूमिकाही तीच आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, हे तत्त्व मान्य झाले, त्यामागे भारताचा आग्रह होता. २०२२ साली इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे हानी आणि नुकसान यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले, तेही गरीब राष्ट्रांच्या एकजुटीमुळेच.

ही भूमिका शंभर टक्के न्याय्य आहे, आणि समाजवादी चळवळीने तिला निःसंदिग्ध पाठिंबा दिला पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की जगाच्या चावडीवर जो न्याय भारत सरकार मागते, तोच न्याय ते घरात देते काय? त्याचे उत्तर दिल्लीच्या मंडपात मिळणार नाही. ते खानदेशात, भुसावळजवळच्या दीपनगरात शोधावे लागेल.

दीपनगर हे नाव मोठे काव्यमय आहे. तेथील औष्णिक वीज केंद्राचा ६२.५ मेगावॉटचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे दोन संच आले. पहिला संच कालबाह्य होऊन बंद झाला आणि अलीकडच्या काळात ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला. कोळसा आगगाडीने बाहेरून येतो. पाणी मात्र तापीचे, हतनूर धरणातले. तयार झालेली वीज उच्च दाबाच्या तारांवरून राज्याच्या जाळ्यात जाते आणि मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत, वातानुकूलित कचेऱ्यांत, रात्रभर झगमगणाऱ्या बाजारांत खर्च होते. दीपनगरच्या वाट्याला उरते ती राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख मागे राहते. ती वेल्हाळे शिवारातील बंडात साठवली जाते. उन्हाळ्यात बंड सुकला आणि वारा सुटला की ती आसपासच्या शेतांवर, विहिरींवर, घरांवर पसरते. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

या अंधाराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. खानदेश हा मुळातच उन्हाचा प्रदेश. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि तापत्या हवामानात असे दिवस वाढत जाणार हे शास्त्रज्ञ बजावून सांगत आहेत. रावेर-यावल पट्ट्यात केळीची पाने करपतात, घड सटकतात. बागाईतदाराला त्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विम्याची सोय आहे. जास्त तापमान हे त्या विम्यातील भरपाईचे एक कारण मानले गेले आहे. विमा कंपन्या ही भरपाई देताना किती खळखळ करतात, हा वेगळा विषय आहे. परंतु बाग करपली म्हणून ज्या मजूर बाईची महिनाभराची रोजंदारी बुडाली, तिच्यासाठी कोणत्या विम्यात कलम आहे? पारा चढला की पिकाला भरपाई, आणि त्याच पिकात राबणारी बाई मात्र हिशेबाबाहेर! कपाशीची निंदणी आणि वेचणी ही खानदेशात बायांचीच कामे. राख पडलेला कापूस झटकून वेचायचा तिने, पाण्यासाठी लांब जायचे तिने, राख बसलेली भांडी घासायची तिने आणि धुळीने खोकणारे मूल सांभाळायचे तेही तिनेच. एवढे करूनही सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. म्हणून विमा, पीककर्ज, नुकसानभरपाई आणि पंचनामा यांच्या दृष्टीने ती शेतकरीच नसते.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याचे बंधन घातले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख केले. परंतु गावोगावी आजही बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतली जाते आणि ती भावाच्या मायेची खूण म्हणून मिरवली जाते. परिणाम असा की रेशनच्या दुकानात बाई कुटुंबप्रमुख आणि शेताच्या बांधावर ती परकी. अन्न मागण्यापुरता तिचा अधिकार मान्य, अन्न पिकवणाऱ्या जमिनीवरचा अमान्य. ही अन्नसुरक्षा अर्धीमुर्धी आहे. खानदेशची दादर ज्वारी आणि कळण्याची भाकरी जेथे घरोघरची होती, तेथे शेते कापसाने व्यापली आणि ताटात रेशनचे गहू-तांदूळ आले. या बदलात बाईचे मत कोणी विचारले होते?

येथे सत्तेचे भाट एक आकडा पुढे करतात. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, तेव्हा भारताला कोणी बोल लावू नये, असे ते म्हणतात. आकडा खरा आहे. पाश्चात्त्य भांडवलदारी राष्ट्रांना उत्तर म्हणून तो पुरेसाही आहे. पण सरासरी हे मोठे लबाड हत्यार आहे. मलबार हिलवरील धनिकाची चैन आणि वेल्हाळ्याच्या मजूर बाईची चूल एकत्र मिळवून माणसांच्या संख्येने भागली की जो आकडा येतो, त्याच्या आड धनिक सुखाने लपतो. बाईची गरिबी ही त्याची ढाल होते. तिच्या दारिद्र्याच्या जोरावर सरकार जगाकडे पैसा मागते. पण तो पैसा, किंवा देशात गोळा झालेला पैसा, तिच्यापर्यंत पोचवण्याची वेळ आली की मुद्दा बदलतो.

याचा पुरावा कोळशावरील उपकराच्या इतिहासातच आहे. २०१० साली स्वच्छ ऊर्जेच्या नावाने कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर बसवण्यात आला. तो वाढत वाढत २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्याकडे वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही संपवून कोळसा सरळ अठरा टक्के कराच्या वर्गात टाकण्यात आला. दीपनगरच्या भट्ट्यांत जळालेल्या कोळशावर हा उपकर वर्षानुवर्षे भरला गेला, पण ज्या शिवारांवर त्याची राख पडली त्यांचा त्या पैशावर हक्क आहे, असे कोणत्याही अर्थमंत्र्याला वाटले नाही. नैरोबीच्या जाहीरनाम्यातील कार्बन-कराच्या मागणीचे गुणगान करणाऱ्यांनी घरच्या कार्बन-कराची ही विल्हेवाट लावली!

आफ्रिकेकडे पाहायचे ते एवढ्यासाठी की तेथील राष्ट्रांनी निदान कागदावर तरी हे प्रश्न एकमेकांपासून तोडले नाहीत. जुलै २००३ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुतो येथे आफ्रिकी संघाच्या एकाच बैठकीत दोन निर्णय झाले. एकाने प्रत्येक राष्ट्राने अर्थसंकल्पाचा किमान दहा टक्के भाग शेतीवर खर्च करावा असे ठरवले. दुसऱ्याने स्त्रियांच्या हक्कांचा करार संमत केला. त्या कराराचे पंधरावे कलम अन्नसुरक्षेचे आहे, आणि त्यात स्वच्छ पाणी, घरचे जळण, जमीन आणि सकस अन्न पिकवण्याची साधने स्त्रीला उपलब्ध करून देणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. अन्न म्हणजे धान्याचे पोते एवढाच अर्थ तेथे घेतलेला नाही. या राष्ट्रांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दहा टक्क्यांचा शब्द बहुसंख्य राष्ट्रांनी पाळला नाही आणि कराराला मान्यता देण्यातही अनेकांनी टाळाटाळ केली. तरीही केनियात १९७७ साली वंगारी मथाई यांनी खेड्यातील बायांना बरोबर घेऊन झाडे लावण्याची चळवळ उभी केली, तेव्हापासून पाणी, जळण, अन्न आणि स्त्रीचे स्वातंत्र्य हा एकच प्रश्न आहे, ही जाण तेथील चळवळींत रुजत गेली आहे.

महाराष्ट्राला हा धडा परका वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी लोक खडी फोडायला उभे राहिले, आणि त्या संघर्षातून रोजगार हमीचा कायदा आला. तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. त्याच सुमारास धुळे जिल्ह्यातील शहादे भागात, जो आज नंदुरबार जिल्ह्यात मोडतो, आदिवासी श्रमिक जमिनीसाठी उठले आणि त्यांच्या बायांनी दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले. रोजगार हमीचे खरे मर्म तिच्या पैशात होते. शहरातील पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून व्यवसाय कर घ्यायचा, राज्याने त्यात तेवढीच भर घालायची आणि गावातल्या दुष्काळग्रस्ताला काम मागण्याचा कायदेशीर हक्क द्यायचा, अशी ती योजना होती. कामावर येणाऱ्यांत बायांचा भरणा मोठा होता. शहराने गावाचे देणे फेडावे, हे तत्त्व या राज्याने तेव्हा कायद्यात लिहिले. जागतिक परिषदांत ज्याला आज हवामान न्याय म्हणतात, त्याचे हे मराठी रूप होते. पुढे २००५ साली हा हक्क देशभर गेला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदा बाजूस सारून असा नवा कायदा केला, ज्यात खर्चाचा चाळीस टक्के बोजा बहुतेक राज्यांवर टाकला आहे आणि शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आहे. हवामान बिघडत असताना काम मागण्याच्या हक्काला अशी कात्री लागावी, यातच राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीचे माप दिसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला वीज केंद्रातील कामगारांचा. कोळशाविरुद्ध बोलणे म्हणजे आमच्या पोटावर पाय देणे, असे त्यांना वाटते. ही भीती खोटी नाही. जुना संच बंद होतो तेव्हा कायम कामगाराची बदली होते. कंत्राटी कामगाराला मात्र घरचा रस्ता दाखवला जातो. म्हणूनच त्याच्या पुढच्या रोजगाराची हमी ही राखेविरुद्धच्या लढ्यातील मागणी असली पाहिजे. राख त्याच्याही छातीत जाते आणि त्याची बहीण-भावजय त्याच शिवारात निंदणीला जाते. कामगार आणि शेतमजूर बाई यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात फायदा फक्त मालकवर्गाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की आता सौर वीज आली आहे, तेव्हा प्रश्न आपोआप सुटेल. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ सालीच १२५ मेगावॉटचा सरकारी सौर प्रकल्प उभा राहिला. सूर्यापासून राख पडत नाही, ही मोठीच गोष्ट आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पण सौर पत्र्यांनाही जमीन लागते, आणि जमीन कोणाची जाते, मोबदला कोण ठरवतो, हा प्रश्न सूर्य सोडवत नाही. शिंदखेडा तालुक्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि प्राण सोडला, हे खानदेश विसरलेला नाही. जळण बदलले आणि मालकीचे संबंध तसेच राहिले, तर अन्यायाचा फक्त रंग बदलतो.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. आज केंद्राच्या फाटकावर कामगार संघटनेची सभा होते, शेतकऱ्यांचे निवेदन तहसील कचेरीत जाते आणि महिला आघाडीचा मोर्चा रेशनच्या दुकानावर निघतो. तिघांच्या तारखा वेगळ्या, घोषणाही वेगळ्या. हे तीन प्रवाह एकत्र आले पाहिजेत. त्यांची मागणीपत्रिका एकच असावी: वीज केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक युनिटमागे मोठ्या औद्योगिक आणि चैनीच्या ग्राहकांकडून अधिभार घ्यावा आणि तो राखग्रस्त गावांच्या निधीत जमा करावा, त्या निधीचा विनियोग ग्रामसभेने आणि त्याआधी भरणाऱ्या महिला सभेने ठरवावा, पारा ठरावीक मर्यादेपुढे गेला की शेतमजूर बायांना बुडालेल्या रोजंदारीची भरपाई मिळावी, हतनूरच्या पाण्यात पिण्याचा आणि शेतीचा हक्क भट्टीच्या आधी मानावा, सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याची मोहीम गावोगावी घ्यावी, आणि रेशनवर ज्वारी देऊन ती येथल्या शेतकऱ्याकडून हमीभावाने खरेदी करावी. यांपैकी एकही मागणी आकाशातील तारे मागणारी नाही. प्रत्येकीचे बीज या राज्याच्या किंवा देशाच्या एखाद्या कायद्यात, योजनेत किंवा प्रथेत आधीच पडलेले आहे.

आफ्रिकी राष्ट्रे एकत्र आली म्हणून श्रीमंत जगाला भरपाईचा निधी मान्य करावा लागला. वेगवेगळी राहिली असती तर त्यांच्या पदरी फक्त सहानुभूतीचे ठराव पडले असते. भुसावळचा कामगार, वेल्हाळ्याचा शेतकरी, रावेरच्या बागेतील मजूर बाई आणि साक्रीचा आदिवासी यांनी त्यातून घ्यायचा बोध हाच आहे. दिल्लीत भरपाई मागणाऱ्या सरकारकडे दीपनगरात भरपाईचा हिशेब मागितला पाहिजे, आणि तो मागताना त्या रांगेत सर्वांत पुढे राख झटकून कापूस वेचणारी बाई असली पाहिजे.