निकालाच्या तोंडावर बदली

मालेगावच्या भिक्कू चौकात 29 सप्टेंबर 2008 रोजी झालेल्या ज्या स्फोटाने सहा जणांचे प्राण घेतले, त्याच्या खटल्यातील अखेरचे युक्तिवाद 2025 साली आटोपत आले असताना, तो खटला चालविणारे मुंबईच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) विशेष न्यायालयाचे तेव्हाचे न्यायाधीश ए. के. लाहोटी यांना नाशिकला धाडण्याचा हुकूम उच्च न्यायालयाच्या दप्तरातून निघाला, ही गोष्ट आम्हांस सर्वथा अनिष्ट वाटते. वार्षिक बदल्यांचा हा शिरस्ता आहे, त्यात कोणाचा हेतू नाही, असे सांगण्यात येईल. हेतू नसेलही, पण तेवढ्याने हुकूम समर्थनीय ठरत नाही. ज्याने खटला ऐकला, त्यानेच निकाल लिहिला पाहिजे.

लाहोटी हे या खटल्यावरील पाचवे न्यायाधीश होते. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तिसांहून अधिक फितूर झाले. आणि फितूर साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडखळला, कोणाकडे पाहून थबकला, हे कागदावर उतरत नाही, ते समोर बसलेल्यालाच दिसते. पूर्वीच्या न्यायाधीशांनी साक्षी घेताना पाहिलेले लाहोटींना दिसले नाही, हे आधीच नुकसान. या हुकुमाने त्यांनी पाहिलेलेही सहाव्याला दिसले नसते. नोंदलेल्या पुराव्यावरून उत्तराधिकाऱ्याने निर्णय द्यावा, ही मुभा कायद्याने दिली आहे खरी, पण ती नाइलाजासाठी दिली आहे, दप्तराच्या सोयीसाठी नव्हे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास सबजज्ज असताना परकीय सरकारने त्यांना 1878 साली याच नाशिकला हलविले आणि पुढल्या वर्षी, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला लोटले. त्या सरकारला निदान संशयाचे कारण होते. स्वराज्यात मात्र केवळ तक्त्यातील रकाने भरण्यासाठी न्यायाधीश हलतो, बिऱ्हाड मोडतो, मुलांच्या शाळा बदलतो, आणि नव्या गावी पुन्हा पहिल्या पानापासून इतरांचे दावे वाचू लागतो. त्याच्याही आयुष्याची ही ओढाताण आहे, आणि तिचा विचार कोणी करीत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या शेतकऱ्याला हे मुंबईचे दूरचे प्रकरण वाटण्याचे कारण नाही. हळदीची काढणी टाकून वाटणीच्या दाव्याच्या तारखेला औंढ्याला वा वसमतला जाणाऱ्या माणसाला, साहेब बदलले, वकिलांना पुन्हा सारे सांगावे लागेल, पुढली तारीख घ्या, हे शब्द ऐकून परतावे लागते. त्या दिवसाचा रोज कोण भरून देणार?

संविधानाच्या अनुच्छेद 235 ने जिल्हा न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले आहे. तेव्हा असा हुकूम फिरविण्यास मंत्रालयाची परवानगी लागत नाही. लाहोटींना 2025 साली निकाल जाहीर होईपर्यंत मुंबईतच ठेवले गेले; आता अखेरचा युक्तिवाद सुरू झालेल्या कोणत्याही खटल्यावरचा न्यायाधीश, मग तो मुंबईचा असो वा वसमतचा, निकालापूर्वी हलविला जाणार नाही, असा लेखी नियम याच वर्षीच्या बदल्यांपासून अंमलात आणावा.