डाव्या कोपऱ्यातला माणूस

जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा उठला आणि दिवे लागले, की भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या गावात फक्कीने कबड्डीचे मैदान आखले जाते, आणि त्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा गडी बहुधा सातांमध्ये वयाने वडील असतो. प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू दम धरून मध्यरेषा ओलांडतो, इकडे हूल देतो, तिकडे हात टाकतो, परंतु हा गडी जागचा हलत नाही. शेजारच्या कोवळ्या पोराचे मनगट त्याने आपल्या मुठीत धरलेले असते, आणि समोरच्याचा डाव काय आहे हे ज्या क्षणी त्याला उमगते त्या क्षणी तो ते मनगट दाबतो. एकदा दाबले तर थांबायचे, दोनदा दाबले तर मागोमाग झेपावायचे. प्रेक्षकांना दिसते ती केवळ पकड, आणि गुणफलकावर लागतो तो एक गुण. त्या मनगटावरील दाबाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

पुणेरी पलटण या व्यावसायिक संघाने आपला अनुभवी कर्णधार फजल अत्राचली यास २०२३ साली सोडचिठ्ठी दिली, त्या निर्णयाच्या बऱ्यावाईट परिणामांचा विचार करताना ही नोंद न होणारी गोष्टच माझ्या मनात वारंवार येते. फजल हा इराणचा, डाव्या कोपऱ्याचा रक्षक. 'सुलतान' हे त्याचे नाव कापूरहोळच्या नाक्यावरील पोरांनाही ठाऊक होते. २०२२ च्या हंगामासाठी पुण्याने १ कोटी ३८ लाख रुपये मोजून त्यास आणले, संघाचे नेतृत्व त्याच्या हाती सोपविले, आणि त्याच्या अमलाखाली पलटण प्रथमच प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोहोचली. १७ डिसेंबर रोजी मुंबईत जयपूरने तिला ३३-२९ असे नमविले. पुढील लिलावापूर्वी फजलला मुक्त करण्यात आले, गुजरातने त्यास १ कोटी ६० लाखांना उचलले, आणि पुण्याने त्याच देशाचा, त्याच कोपऱ्यात खेळणारा, परंतु वयाने लहान असा मोहम्मदरेझा शादलू २ कोटी ३५ लाखांना घेतला. कर्णधारपद नगर जिल्ह्यातील टाकळीभानच्या अस्लम इनामदारकडे गेले.

तो निर्णय चुकला होता असे म्हणण्यास मी धजणार नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळविले, अस्लम हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि शादलूने पकडींचे ९९ गुण मिळवून रक्षकांत अग्रस्थान पटकाविले. वडीलधाऱ्याच्या छायेत वाढलेले रोप त्या छायेबाहेर काढल्यावाचून वृक्ष होत नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. नगरच्या खेड्यातील, गरिबीत वाढलेला एक मुलगा पुण्याचा कप्तान होऊन चषक उंचावतो, याचा हर्ष मावळातील प्रत्येक कबड्डीवेड्या घरास झाला, आणि तो यथार्थ होता.

परंतु नंतर जे घडले त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. विजेतेपदानंतर अवघ्या काही महिन्यांत शादलूलाही मुक्त करण्यात आले. हरियाणाने त्यास २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी त्याच हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे पराभूत करून चषक पटकाविला, तोही पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात, जेथे यजमान पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नव्हती. त्याच्या पुढल्या वर्षी पलटण पुन्हा अंतिम सामन्यात आली. ३१ ऑक्टोबर २०२५ ची ती रात्र, स्थळ दिल्ली, प्रतिपक्ष दिल्लीचाच संघ, आणि त्या संघाच्या कोपऱ्यात उभा होता, गुजरातनंतर आता दिल्लीकडे आलेला, फजल अत्राचली. पुणे ३१-२८ असे हरले. सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी आदित्य शिंदे या पुण्याच्या तरुण चढाईपटूला ज्या पकडीने जागीच खिळविले, ती पकड फजलची होती.

सोडलेला खेळाडू जुन्या संघासमोर उभा ठाकण्याचा असाच प्रसंग दूरदेशीही घडला होता. अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ, आणि त्यात संघाचा सारा डाव ज्याच्या हातून सुरू होतो त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने चार अजिंक्यपदे मिळवून देणारा आपला जो मोंटाना १९९३ साली कॅन्सस सिटीला देऊन टाकला. पुढच्याच वर्षी मोंटानाने आपल्या जुन्या संघाला २४-१७ असे हरविले, आणि त्याच हंगामाच्या अखेरीस, जानेवारी १९९५ मध्ये, त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह यंगने सॅन फ्रान्सिस्कोला पुन्हा अजिंक्यपद मिळवून दिले. यंग हा मोंटानाचा खेळ वर्षानुवर्षे जवळून पाहत, त्याच संघात वाट पाहत राहिला होता. जुन्याचे जाणे आणि नव्याचे उभे राहणे यांच्यामध्ये दोघांनी एकत्र घालविलेला जो काळ असतो, त्याची किंमत मला फार मोठी वाटते.

जुन्या संघाविरुद्ध खेळणाऱ्याकडे आमच्या या मुलखात मात्र वेगळ्या नजरेने पाहिले जाते; येथील निष्ठेची कल्पना फार जुनी आणि फार कठोर आहे. भोर तालुक्यातील कारीचे कान्होजी जेधे १६५९ साली अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशाही फर्मान बाजूस सारून, वतनावर पाणी सोडून, पाच पुत्रांसह शिवरायांच्या पायाशी आले. शेजारच्या उत्रौलीच्या खोपड्यांनी खानाची वाट धरली, आणि ते नाव येथील माणूस आजही कडवटपणे घेतो. म्हणून फजल दिल्लीकडून खेळला तेव्हा 'आपलं मीठ खाऊन आपल्यालाच धरलं' असे उद्गार मी ऐकले. हा न्याय खेळाडूस लावणे मला मान्य नाही. जेधे वतनदार होते; खेळाडू मुदतबंदीचा चाकर आहे, त्याच्या नावाचा लिलाव पुकारला जातो, आणि ज्याने त्यास स्वखुशीने मोकळे केले त्याने त्याच्याकडून इमानाची अपेक्षा बाळगण्यास जागा उरत नाही.

माझी तक्रार आहे ती संघचालकांच्या रीतीविषयी. खेळाडूच्या रजेची वार्ता एका यादीतून येते. ज्या बालेवाडीत तो खेळला, जेथे नसरापूर आणि वेल्ह्याहून वडापच्या जीपने, येताना रात्रीचा प्रवास करून, पोरे त्याला पाहावयास गेली, तेथे त्याने एकदा येऊन निरोप घ्यावा एवढीही तजवीज होत नाही. आणि यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते. प्रो कबड्डीत पकडींच्या गुणांत सर्वांच्या पुढे असलेल्या फजलने एका हंगामात आपल्या शेजाऱ्यांस जे शिकविले तेवढेच पुण्यास लाभले. प्रत्येक संघास लिलावाच्या मर्यादेबाहेर एक जागा असावी, जीवर ज्येष्ठ खेळाडूस उपप्रशिक्षक म्हणून नेमता येईल. त्याने वाटल्यास अर्धा हंगाम खेळावे, उरलेला वेळ कोपऱ्यात नव्या मुलास उभे करून स्वतः रेषेबाहेर बसावे. यासाठी होणारा खर्च एका साध्या खेळाडूच्या बोलीहून अधिक होणार नाही असे मला वाटते, आणि चालकांनी या सूचनेचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्याकडे ही व्यवस्था कोणत्याही सनदेवाचून चालत आलेली आहे. दिल्लीच्या त्या अंतिम सामन्यानंतर काही दिवसांनी, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात सायंकाळी पोरांचा सराव चालला असता मी थोडा वेळ थांबलो. चाळिशी उलटलेला, गुडघ्यास पट्टा बांधलेला एक गडी डाव्या कोपऱ्यात उभा होता. तीन-चार चढाया झाल्यावर तो मुकाट्याने बाहेर आला, पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाचा खांदा धरून त्याला त्या जागी उभे केले, आणि स्वतः रेषेला लागून, हाताच्या अंतरावर उकिडवा बसला. चढाई आली, पोराची नजर समोरच्याच्या पायांवर खिळली. "पायाकडं बघू नको, बाळा," तो हळूच म्हणाला, "कमरंकडं बघ."