इंग्रजीची देवी नको, इंग्रजीचा सराव हवा!

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर माणसांचा महासागर लोटतो. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या आयाबाया कमानीला माथा टेकवतात, तरुण पोरे निळे झेंडे फडकवतात, पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा उरत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत पोचिराम कांबळेंपासून गौतम वाघमारेंपर्यंत किती जणांचे बळी गेले, किती घरे जळाली, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. विद्यापीठाची कमान आमच्या रक्ताने उभी आहे, असे आम्ही म्हणतो ते उगीच नाही.

पण आज आम्हाला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. १५ जानेवारीला, गर्दी ओसरल्यावर, त्या कमानीतून आत गेलेल्या आमच्या मुलामुलींचे काय होते?

एका विभागातील सेमिनारचा प्रसंग. हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली आमची एक मुलगी निबंध वाचायला उभी राहिली. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. विषय तिला पक्का ठाऊक होता, टिपणे तिने रात्र रात्र जागून काढली होती. दुसऱ्याच वाक्यात एका इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. पुढे बसलेले प्राध्यापकही किंचित हसले. मुलीने कसाबसा कागद वाचून संपवला, प्रश्नोत्तरांना ती थांबलीच नाही. त्यानंतर वर्षभर ती कोणत्याही सेमिनारमध्ये उभी राहिली नाही. तिला कुणी शिवी दिली नाही, जात विचारली नाही, बाहेर काढले नाही. फक्त हसले! एवढ्याने काम भागले.

हे हसणे साधे नाही, हे आम्ही ठणकावून सांगू इच्छितो. ज्या समाजाच्या कानात ज्ञान पडू नये म्हणून शिसे ओतण्याचे कायदे लिहिले गेले, त्या समाजाच्या जिभेवर आलेला नवा शब्द हसून परतवणे ही त्याच व्यवस्थेची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे. फरक इतकाच की आता शिशाचा खर्चही येत नाही.

यावर उपाय काय? उपाय बाबासाहेबांनी याच शहरात, आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेत, पंचाहत्तर वर्षांपूर्वीच नाव ठेवून सांगितला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. तेव्हा मराठवाडा नुकताच निजामी राजवटीतून मोकळा झाला होता. पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू होते. अशा भागात १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नाव दिले नागसेनवन.

मिलिंद कोण? मिनँडर नावाचा ग्रीक राजा. म्हणजे परभाषेचा, परमुलखाचा माणूस. नागसेन कोण? बौद्ध भिक्खू. या दोघांचा संवाद म्हणजे 'मिलिंदपञ्ह', अर्थात मिलिंदाचे प्रश्न. संवाद सुरू करण्यापूर्वी नागसेनाने राजाला एक अट घातली होती. तू पंडितासारखी चर्चा करणार असशील तर मी बोलेन, राजासारखी करणार असशील तर बोलणार नाही. पंडित एकमेकांच्या चुका दाखवतात, मत खोडून काढतात, पण रागावत नाहीत. राजाचे मत कुणी नाकारले तर राजा शिक्षा फर्मावतो. ही अट मान्य झाल्यावरच पुढचे प्रश्नोत्तर झाले. बंधूंनो, आमच्या त्या मुलीच्या सेमिनारमध्ये पंडित कुणीच नव्हते. सगळे राजे बसले होते!

भाषा कशी येते? व्याकरण पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, भाषा येत नाही. भाषा बोलून येते आणि बोलताना चुकण्याची मुभा असावी लागते. खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. घरी रामजी सुभेदारांनी त्यांच्याकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. तो पाया होता. पण त्या पायावर इमारत चढली ती कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात. १९१३ साली ते न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र खोलीत सोबती होता, ग्रंथालय होते, वर्गात जॉन ड्यूई आणि सेलिग्मन होते. ९ मे १९१६ ला डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवरचा आपला निबंध त्यांनी वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्या खोलीत त्यांना जात विचारणारे कुणी नव्हते, प्रश्न विचारणारे होते. पुढे गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या प्रतिनिधींसमोर जो आवाज घुमला, त्याची तालीम अशा खोल्यांत झाली होती.

आता आपल्या राज्याकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. बहुजनांच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली. बारा-पंधरा वर्षे इंग्रजी विषय शिकूनही त्यांतील असंख्य जणांना मुलाखतीत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. दोष मुलांचा नाही. फळ्यावर इंग्रजी होती, वर्गात इंग्रजी नव्हती, आवारात तर मुळीच नव्हती. पोहण्याचे पुस्तक दिले आणि विहिरीवर जाऊ दिले नाही! महाडच्या तळ्याचा इतिहास असलेल्या समाजाला यापुढे जास्त सांगायला नको.

उत्तर प्रदेशात चंद्रभान प्रसाद यांनी यावर एक उत्तर शोधले. त्यांनी मेकॉलेचा जन्मदिवस साजरा केला आणि लखीमपूर खिरी जिल्ह्यातील बांका गावात २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराचा पाया घातला. हातात लेखणी घेतलेली, संगणकावर उभी असलेली देवी! हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. इंग्रजीशिवाय दलितांना जगाचे दार उघडणार नाही, हे त्यांचे म्हणणे सावित्रीमाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' मध्येच सांगून ठेवले आहे. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने पुन्हा देवीपुढे का उभे राहायचे? देवीपुढे माणूस हात जोडतो आणि तोंड बंद करतो. आम्हाला तर तोंड उघडायचे आहे. विद्येची पूजा करणाऱ्यांनीच आम्हाला विद्येपासून दूर ठेवले, हा अनुभव ताजा असताना नवी सरस्वती कशाला?

त्यापेक्षा स्पेनमधल्या विद्यापीठांकडे पाहावे. सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालापासूनचे. स्पॅनिश ही काही लहान भाषा नाही, कित्येक देशांत ती बोलली जाते. तरी तिथल्या मुलांना इंग्रजीची गरज भासते आणि ती त्यांच्या आईची भाषा नाही, जशी आमच्याही नाही. १९८७ साली युरोपात एरास्मस योजना सुरू झाली. तिच्यामुळे इटली, पोलंड, जर्मनीची मुले स्पेनच्या आवारात येतात. त्यांची आपसातली भाषा पुष्कळदा इंग्रजी असते, तीही मोडकीतोडकी. कँटीनमध्ये, वसतिगृहात, नाटकाच्या तालमीत, फुटबॉलच्या मैदानावर ती बोलली जाते. तिथे 'इंटरकाम्बियो' नावाचा साधा प्रकार आहे. दोघांनी एकत्र बसायचे, अर्धा तास माझी भाषा, अर्धा तास तुझी. पैसा लागत नाही, क्लास लागत नाही. महत्त्वाचे म्हणजे दोघेही शिकणारे असतात, म्हणून कुणी कुणाला हसत नाही. नागसेनाची अट तिथे आपोआप पाळली जाते. नागसेनवन आमचे आणि त्याची रीत चालते परक्यांच्या आवारात, याचा आम्ही विचार करणार की नाही?

काहीजण म्हणतील, आमच्याकडे परदेशी मुले कुठून आणायची? डोळे उघडून पाहा. येमेनसारख्या अरब देशांतून आमच्या विद्यापीठात विद्यार्थी येत आले आहेत. त्यांचीही इंग्रजी आमच्यासारखीच शिकून मिळवलेली आहे. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, पुढे वेरूळ आहे, अजिंठा आहे. अजिंठ्याच्या पायथ्याला माळा आणि रंगीत दगड विकणारी पोरे शाळेत फारशी न जाता इंग्रजी बोलतात, जपानीत भाव सांगतात. त्यांना कुणी व्याकरण शिकवले? पोटाने शिकवले आणि रोजच्या बोलण्याने शिकवले. त्याच लेण्यांपुढे एम.ए. झालेला आमचा मुलगा परदेशी उपासकाला चैत्य म्हणजे काय, विहार म्हणजे काय, हे सांगताना अडखळतो. आमच्या तथागताचा वारसा जगाला भलतेच लोक भलत्याच भाषेत सांगतात आणि आम्ही बाजूला उभे राहून फोटो काढतो!

आणखी एक आक्षेप आमच्याच माणसांकडून येतो. इंग्रजी आली की पोरगा समाजाला विसरतो, साहेब होतो. असे साहेब आम्हीही पाहिले आहेत. पण तो दोष भाषेचा नाही, माणसाचा आहे. बाबासाहेबांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत चालवले, कारण त्यांना समाजाशी बोलायचे होते. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत लिहिले, कारण त्यांना देशाशी आणि जगाशी बोलायचे होते. एक भाषा घरच्या चुलीची, दुसरी बाहेरच्या वेशीची. मराठी सोडून इंग्रजी नव्हे, मराठीच्या जोडीला इंग्रजी, ही आमची भूमिका आहे. 'इंटरनॅशनल' अशी पाटी लावून गल्लोगल्ली फी उकळणाऱ्या शाळांना आमचा पाठिंबा आहे, असाही अर्थ कुणी काढू नये.

प्रश्न भाकरीचा आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली केंद्राने भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवरील संशोधनाला आपल्या योजनेतून वगळले, तेव्हा चळवळीने आवाज उठवला. तो उठवायलाच हवा. पण शिष्यवृत्तीच्या आधी विद्यापीठाचा प्रवेश असतो आणि प्रवेशाच्या आधी बहुतेक ठिकाणी इंग्रजीची परीक्षा असते. आयईएलटीएस या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि तिच्यात समोरासमोर बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते. ऊसतोड कामगाराच्या मुलीची वीस वर्षांची मेहनत त्या चौदा मिनिटांत तोलली जाते. नांदेडचे सूरज येंगडे त्या दारातून पलीकडे गेले आणि २०१९ साली त्यांचे 'कास्ट मॅटर्स' जगाने वाचले. बुलडाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले आणि त्यांची एकलव्य संस्था ग्रामीण मुलांना उच्च शिक्षणाची वाट दाखवते. वाट आहे, हे सिद्ध झाले आहे. ती काहींपुरती राहू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून आम्ही चळवळीपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. नागसेनवनातल्या आणि विद्यापीठातल्या प्रत्येक वसतिगृहात आठवड्यातून एक संध्याकाळ मिलिंद-नागसेन सभेची असावी. एकाने प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने उत्तरे द्यायची, इंग्रजीत, बाबासाहेबांच्या ग्रंथातले एक पान समोर ठेवून. नियम एकच. चूक दुरुस्त करायची, हसायचे नाही. हसेल त्याने उठून पुढचे उत्तर द्यायचे. परदेशी विद्यार्थ्यांसोबत अर्धा तास मराठी, अर्धा तास इंग्रजी असा देवाणघेवाणीचा वर्ग भरवावा. रविवारी पंधरा-वीस मुलामुलींनी लेण्यांवर जाऊन पाहुण्यांना विनामूल्य माहिती सांगावी. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक याच मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले होते. आजच्या विद्यार्थ्यांनी तीच परंपरा पुढे नेऊन एखादी एकांकिका इंग्रजीत का करू नये? याच आवारात प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने 'अस्मितादर्श' ची चळवळ उभी राहिली. तिथे भिंतीवर एक इंग्रजी हस्तलिखित लागायला काय हरकत आहे?

आणि शेवटची गोष्ट आमच्या साहेब मंडळींसाठी. मिलिंदच्या मेसचे जेवण जेवून जे अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर, वकील झाले, त्यांनी १४ जानेवारीला गेटवर हार घालून परत फिरू नये. महिन्यातून एक संध्याकाळ वसतिगृहात येऊन बसावे. भाषण देऊ नये, भाषणे आमच्याकडे भरपूर आहेत. मुलांना बोलू द्यावे आणि आपण ऐकावे. मुलीच्या वाक्यात चूक झाली तर ती पंडितासारखी सांगावी.

गेटवरचे नाव आम्ही लढून मिळवले. त्या नावाच्या आत आमच्या लेकरांचा आवाज घुमला नाही, तर ती लढाई अर्धीच राहिली असे इतिहास म्हणेल. 'शिका' हा आदेश तोंड मिटून पाळता येत नाही.

जयभीम!