ताटावरचं भांडण आईशी नाही

रात्रीचे आठ. ताटात पोळी, आलूची तेलकट भाजी, भाताचा ढीग आणि डाळ शोधावी लागेल असं पातळ वरण. सोबत पुडीतले शेव. तुम्ही मोबाइलवर प्रोटीनचा हिशोब बघून आलेले असता. "रोज हेच?" एवढं तोंडातून निघतं आणि उत्तर येतं, "एवढं रांधलं तं खाय ना बापा चुपचाप!"

रिद्धपूरहून कॉलेजसाठी अपडाऊन करणाऱ्या पोरापोरींना हा संवाद पाठ असेल. मराठी भाषा विद्यापीठामुळे गावाचं नाव आता सगळीकडे पोचलंय, पण ताटावरचं हे भांडण वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात सारखंच आहे.

'घरचं ते चांगलं, बाहेरचं ते वाईट' ही वाटणी आता पुरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना दिल्या. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या तर धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (त्यातल्या १०० ग्रॅम पालेभाज्या), फळं १०० ग्रॅम आणि तेल फक्त २७ ग्रॅम. म्हणजे दिवसभराच्या फोडणी, भजे, पापड सगळ्यासाठी चहाचे साधारण सहा चमचे तेल. आता आपलं ताट आठवा. धान्य भरपूर, तेल भरपूर, बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं.

कुपोषण म्हटलं की आपण मेळघाटाकडे बोट दाखवतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ टक्के होता. कारणं अनेक आहेत, पण जेवणातलं कमी लोह हे त्यातलं मोठं कारण. दर दोन बायांमागे एक. त्यात तुमची आई असू शकते, तुम्हीही असू शकता.

मग ताट असं झालं कसं? त्याचं उत्तर चुलीपाशी कमी आणि वावरात जास्त सापडतं. वऱ्हाडाची भाकर ज्वारीची. सोयाबीन आलं, नगदी पैसा दिसला आणि ज्वारीचा पेरा घटत गेला. उरलेल्या ज्वारीवर पाखरं, रानडुकरं आणि रोही. बैलं कमी झाली तशी कडब्याचीही गरज उरली नाही. दुसरीकडे रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. जे घरात येतं तेच शिजतं. गंमत म्हणजे भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. शहरातल्या मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं आली आणि ज्वारीच्या मुलखात पोळी पक्की झाली.

दुसरं कारण चवीचं. भाजीत तेल किती घालायचं हे बहुतेक घरांत बाबा आणि आजोबांच्या जिभेवर ठरतं. रांधते आई, पण मेन्यू तिचा नसतो. आणि ती जेवते शेवटी, उरलेलं. म्हणून तुम्ही आपल्यापुरतं पनीर किंवा पावडर आणलीत तर प्रश्न फक्त तुमच्या ताटातला सुटतो. ज्या ताटाला लोहाची सगळ्यात जास्त गरज, ते तसंच राहतं.

करता काय येईल? वेगळा स्वयंपाक मागू नका, आहे त्यातच माप बदला. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोला साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम तूरडाळीत ती २२ ग्रॅमच्या आसपास असतात, शेंगदाण्यातही जवळपास तेवढीच. महानुभाव घरांत अंड्याचा विषयच नाही, तिथे घट्ट वरण, बरबटी, दाणे आणि दूध यांवरच काम भागवावं लागेल. अंबाडी, चिवळ, शेवग्याचा पाला आपल्याच भागातला. त्यावर लिंबू पिळा, नाहीतर सोबत संत्रं खा. क जीवनसत्त्वामुळे लोह नीट शोषलं जातं. संत्र्याच्या मोर्शी तालुक्यात राहून एवढं तर जमेल! जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही.

आणि सांगायचं तर हातात लाटणं घेऊन सांगा. भाजी निवडणं, भाकर थापणं, किराण्याची यादी करणं यातलं एक काम अंगावर घ्या. यात पोट्ट्यांनाही सूट नाही. जो काम करतो त्याचंच घरात ऐकलं जातं. आणि आईला सगळ्यांसोबत ताटावर बसवा, याला तर पैसेही लागत नाहीत.

ज्यांच्याकडे वावर आहे त्यांनी पेरणीआधी बाबांशी बोलावं, घरापुरती तरी ज्वारी पेरू म्हणून. ज्यांच्याकडे नाही, त्यांना मात्र 'हेल्दी खा' हा सल्ला फुकटचा आहे. त्यांच्यासाठी रेशनचं दुकानच बदलायला हवं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरडधान्याचाही उल्लेख आहे. म्हणजे रेशनवर ज्वारी मागायला नवा कायदा लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत हात वर करून विचारायला गावच्या मतदार यादीत नाव असलं की पुरे.